प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू का? आधी टास्क मॅनेजर उघड

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनापण कळेल. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, १०८०पी चा १४४ हर्ट्झ मॉनिटर, घर मालवणला अगदी किनाऱ्यालगत, खेळतोस व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि रेड डेड २. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलं की प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, की वीस टक्के एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतात, म्हणून बाबांनी दिलेल्या आठ हजारांत लिक्विड कूलर घेऊन ४.४ गिगाहर्ट्झवर न्यायचं डोक्यात आहे, तर दादा करू का नको.

नको. निदान लिक्विड कूलर तरी नकोच, आणि ४.४ तर ३६०० वर विसरूनच जा. पण नुसतं नको म्हणून सांगितलं तर तू दुसऱ्या कुणालातरी विचारणार आणि तो हो म्हणणार, म्हणून सविस्तर लिहितो. माझा धंदाच असेंबलिंग आणि रिपेअरिंगचा, कुडाळपासून देवगडपर्यंतची कॅबिनेटं टेबलावर येतात, त्यामुळे जे सांगतोय ते इथल्या हवेतलं आणि इथल्या लाईटीवरचं आहे, बेंगलोरच्या एसी रूममधलं नाही.

पहिली गोष्ट, ओव्हरक्लॉकिंगची जी किर्ती आहे ना ती जुन्या काळची आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, बस (बोर्डाशी बोलायच्या वाटेचा वेग) ६६ वरून १०० केली की थेट ४५० वर चालायचा, म्हणजे दीडपट, फुकटात. २००० च्या आसपास एएमडीच्या ड्युरॉन-अ‍ॅथलॉनवर लोक शिसपेन्सिलीने चिपवरचे बारीक पूल जोडून मल्टिप्लायर (बसच्या कितीपट वेगाने चिप पळेल तो आकडा) अनलॉक करायचे, खरंच, साधी नटराज पेन्सिलपण चालायची. मग २०११ ला आय५-२५००के आला, ३.३ चा प्रोसेसर एका बऱ्यापैकी टॉवर कूलरवर ४.५ ला आरामात जायचा आणि वर्षानुवर्षं तसाच चालायचा. त्या काळात कंपन्या मार्जिन भरपूर सोडायच्या, सगळ्या चिप्स एका ठरावीक स्पीडला विकायच्या आणि चांगली चिप नशिबाने तुझ्या वाट्याला आली तर तुझी मजा.

आता ती मलई कंपनी स्वतःच खाते. टर्बो बूस्ट, प्रिसिजन बूस्ट ही सगळी काय भानगड आहे, तर प्रोसेसर दर मिलिसेकंदाला आपलं तापमान, करंट, व्होल्टेज बघतो आणि जेवढं वर जाता येईल तेवढं स्वतःच जातो. तुझा ३६०० बॉक्सवर ३.६ लिहून येतो पण गेममध्ये बघ, ३.९ ते ४.१ ला फिरत असतो आणि एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या सहा कामकऱ्यांपैकी एकावर) काम असेल तर ४.२ ला टेकतो. म्हणजे तो तुझ्या हातात यायच्या आधीच ओव्हरक्लॉक झालेला आहे. हाताने सगळे कोअर फिक्स करून ३६०० साधारण ४.२ ला जातो, चिप चांगली निघाली तर ४.३, बस. सगळा खटाटोप करून हाती पाच टक्के क्लॉक, म्हणजे वेग. वीस टक्के एफपीएस त्यातून कुठून येणार, तूच सांग.

त्यात क्लॉक पाच टक्के वाढलं म्हणजे एफपीएस पाच टक्के वाढले असं पण नाही. आधी बघायचं की गेम अडतोय कुणामुळे. भोस्ते घाटात पुढे लोड केलेला कंटेनर असला की मागच्या गाडीचं इंजिन कितीही दमदार असो, चढणार कंटेनरच्याच वेगाने, तसंच इथे आहे, तुझ्या रेड डेड २ मध्ये कंटेनर म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एमएसआय आफ्टरबर्नर टाक (कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, चालतं), त्याच्याबरोबर रिवाट्यूनर येतो, स्क्रीनवर जीपीयू युसेज (कार्ड किती टक्के कामात आहे), सीपीयूचा म्हणजे प्रोसेसरचा प्रत्येक कोअर वेगवेगळा, तापमान, फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ) आणि एक टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमांचे एफपीएस) दाखवायला लाव. जीपीयू युसेज ९५ ते ९९ असेल तर प्रोसेसर बसून आहे, कार्डाची वाट बघतोय, त्याला अजून पळवून काही होणार नाही. युसेज ५०-६० वर लोळतोय आणि एफपीएस तरी वाढत नाहीत, तर मात्र प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. सीपीयू टोटल किती टक्के ते बघून फसू नकोस हां, ३६०० ला बारा थ्रेड (एकदम चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, गेमचा एक मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी टोटल तीस-पस्तीस टक्केच दिसेल आणि तू म्हणशील प्रोसेसर तर रिकामाय.

अजून एक पक्की टेस्ट, एकाच जागी उभा राहून रिझोल्यूशन १०८० वरून ७२० ला आण. एफपीएस उडी मारून वाढले तर कार्ड अडवत होतं. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसरच्या बाजूला अडचण आहे. पाच मिनिटांचं काम आहे आणि एक पैसा लागत नाही, पण दुकानात ओव्हरक्लॉक मागायला येणाऱ्यांपैकी हे करून आलेला क्वचितच सापडतो. परवा एक जण आला, "काका माका एफपीएस व्हये, बाकी कायएक नको", आणि गेम अल्ट्रा सेटिंगला लावून कार्ड ९९ टक्क्यांवर, चार जीबी व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) फुल. त्याला टेक्श्चर एक पायरी खाली आणून दिली, झालं काम.

तुझ्या गेमांपैकी रेड डेड १६६० सुपरवर नक्की कार्डाशी अडणार, तिथे प्रोसेसर विसर. व्हॅलोरंट मात्र प्रोसेसरवर चालणारा गेम आहे, तिथे क्लॉकचा फरक पडतो. किती पडतो ते कागदावर मांडू. समज २०० एफपीएस मिळतायत, म्हणजे एक फ्रेम ५ मिलिसेकंदात. पाच टक्के क्लॉक वाढवून अगदी पूर्ण फायदा मिळाला असं धरलं तर २१० एफपीएस, म्हणजे फ्रेम ४.७६ मिलिसेकंदात. पाव मिलिसेकंद वाचला. तुझा मॉनिटर १४४ चा, तो नवं चित्र दर ६.९४ मिलिसेकंदाला दाखवतो. आणि पूर्ण फायदा मिळतपण नाही, कारण गेममध्ये प्रोसेसरचा बराच वेळ रॅममधून डेटा यायची वाट बघण्यात जातो, आणि कोअर पळवला म्हणून रॅम पळत नाही. जीटीए ५ चं तर वेगळंच, तो १८०-१९० च्या वर गेला की स्वतःच अडखळायला लागतो, तिथे लोक उलट फ्रेम कॅप लावतात.

आता या पाव मिलिसेकंदाची किंमत बघ. प्रोसेसरची पॉवर साधारण क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.० ला १.२५ व्होल्ट लागत असेल आणि ४.३ साठी १.३५ द्यावं लागलं तर क्लॉक वाढलं साडेसात टक्के आणि पॉवर वाढली जवळजवळ २५ टक्के. ती सगळी पॉवर उष्णता होऊन तुझ्याच खोलीत येणार. वरच्या टोकाला हे गणित पायरीगणिक वाईटच होत जातं, शेवटचे शंभर मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग.

व्होल्टेजवरून एक गोष्ट नीट ऐक, यात पोरं चिप खराब करतात. एचडब्ल्यूइन्फो (तापमान-व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघशील तर स्टॉक, म्हणजे हात न लावलेला, ३६०० मधूनमधून १.४५ व्होल्ट घेताना दिसेल. ते बघून वाटतं की अरे कंपनी एवढं देते तर मी १.४५ फिक्स लावतो. तसं नसतं. तो १.४५ फक्त तेव्हा येतो जेव्हा एखाददुसरा कोअर क्षणभर पळतोय आणि करंट कमी आहे. सगळे कोअर लोडवर आले की प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तू ते फिक्स केलंस की सहाही कोअर फुल लोडवर त्याच व्होल्टेजला भाजत बसणार, आणि काही महिन्यांनी जो क्लॉक स्थिर होता तो होईनासा होतो. ७ नॅनोमीटरच्या चिपला कायमचं १.३ च्या आसपास ठेव, १.३५ च्या वर मी कुणालाच लावून देत नाही. जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू मरते हे काय फक्त जुन्या लोकांचं घाबरवणं नाही, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या मोठ्या प्रोसेसरांत २०२४ मध्ये हेच निघालं, ओव्हरक्लॉक न करताच प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि झिजत होता, शेवटी मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आणि तू हाताने केलेल्या ओव्हरक्लॉकने चिप गेली तर ती वॉरंटीत बसत नाही, एएमडी असो नाहीतर इंटेल.

आता लिक्विड कूलर. पंखा असो की पाणी, दोन्ही शेवटी खोलीतल्या हवेलाच उष्णता देतात, त्यामुळे खोलीपेक्षा थंड काहीच होऊ शकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात खोली ३३-३४ डिग्री, आणि खरा त्रास असा की घाटावर रात्री तरी थंड होतं, आपल्याकडे पहाटेपण २६-२७ च्या खाली उतरत नाही. यूट्यूबवाला २२ डिग्रीच्या खोलीत ७२ दाखवतो ते तुझ्याकडे सरळ ८४ होणार, बारा डिग्री तर तिथेच गेले. दमट हवेमुळे कूलर कमी चालतो असं मात्र काही नाही, आपल्याला उकडतं कारण घाम सुकत नाही, प्रोसेसरला कुठे घाम येतो. दमटपणा आणि खारं वारं वेगळ्या बाजूने मारतं. समुद्राला लागून असलेल्या घरातलं कॅबिनेट उघडलं की तांब्याच्या पाइपांवर हिरवट डाग, स्क्रूंच्या डोक्यांना गंज, मागच्या पोर्टांवर पांढुरका थर, आणि त्या चिकट ओलाव्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसून घट्ट झालेली, ब्रशने पण सुटत नाही. रेडिएटरच्या फिन्स बारीक असतात, त्यात ही माती गेली की धुणं कठीण, वर पंपाचं आयुष्य वेगळं. ६५ वॉटच्या प्रोसेसरला, जो स्टॉकला फार तर ८८ वॉट घेतो, त्याला एवढा लवाजमा कशाला. बॉक्समधला रेथ स्टेल्थ कूलर तसा तोकडाच आहे, पाहिजेच असेल तर दोन-अडीच हजारांतला १२० एमएमचा साधा टॉवर कूलर घाल, आवाज कमी होईल, आणि प्रोसेसर गार राहिला की प्रिसिजन बूस्ट स्वतःच २५-५० मेगाहर्ट्झ वर बसतो, तुला बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) हात पण लावायला नको.

आणि कूलर घ्यायच्या आधी आहे तो साफ कर रे. गणपतीनंतर माझ्याकडे "पीसी स्लो झाला, ओव्हरक्लॉक करून द्या" म्हणून एक कॅबिनेट आलं होतं, पंखा खोलला तर पंखा आणि फिन्सच्या मधे धूळ, केस आणि ओलावा मिळून बोटभर जाडीची सलग पट्टी निघाली, अख्खीच्या अख्खी, आणि एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) जाळीत पालीची अंडी. प्रोसेसर ९५ ला टेकून ३.६ च्या पण खाली उतरत होता. साफ केलं, प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी दगड झालेली पेस्ट काढून नवी लावली, तोच प्रोसेसर परत चारच्या घरात. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, ब्लोअरने ती गरगर फिरू देऊ नकोस, बेअरिंग जातं. आणि कॅबिनेट घेऊन पंक्चरवाल्याकडे हवा मारायला जाऊ नकोस, आपल्या दमट हवेत त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते थेट बोर्डावर फवारलं जातं. पाली आत जाऊ नयेत म्हणून मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या लावून घे, एसएमपीएसमध्ये पाल शॉर्ट झाली की नुसती पाल नाही जात.

आता खरी गोष्ट, जी तुझ्या प्रश्नात तूच लिहिलीस आणि पुढे निघून गेलास. एकच स्टिक. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मेमरी. उजवीकडे खाली स्पीड आणि स्लॉट्स यूज्ड दिसेल. माझा अंदाज, तिथे स्पीड २६६६ किंवा २४०० असेल आणि स्लॉट १ ऑफ ४. स्टिकवर ३२०० लिहिलेलं असतं पण बोर्ड स्वतःहून ती ३२०० ला चालवत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या स्पीडला चालवणारी सेटिंग) चालू करावं लागतं. आसुसच्या एएमडी बोर्डावर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयवर ए-एक्सएमपी, एकच काम. लोक हजारो रुपयांची रॅम घेतात आणि वर्षभर अर्धवट चालवतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कुठलंही कॅबिनेट आलं की पहिलं तेच बघतो.

हिशोब करून सांगतो. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१ जीबीच्या आसपास डेटा देऊ शकते. ३२०० च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन वाटांनी एकदम) ५१ जीबी. अडीचपटीच्या जवळ. आणि रायझनमध्ये अजून एक गंमत आहे, प्रोसेसरच्या आतले भाग एकमेकांशी ज्या इन्फिनिटी फॅब्रिकवरून बोलतात ते रॅमच्या क्लॉकला बांधलेलं असतं, रॅम २६६६ तर फॅब्रिक १३३३, रॅम ३२०० तर फॅब्रिक १६००. तुझा ३६०० आतून तीन-तीन कोअरच्या दोन तुकड्यांचा आहे, प्रत्येक तुकड्याला आपापला १६ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी), एका तुकड्याला दुसऱ्याकडचं काही पाहिजे तर ते याच फॅब्रिकवरून जाणार. म्हणजे एक्सएमपी चालू करणं हेच तुझ्या मशीनवरचं सगळ्यात मोठं ओव्हरक्लॉकिंग आहे, कंपनीच्या कागदांत पण ते ओव्हरक्लॉकच धरतात. फरक सरासरीपेक्षा एक टक्का लो मध्ये जास्त जाणवेल, व्हॅलोरंटमध्ये स्मोक पडतात, चौघं एकदम साइटवर येतात तेव्हा जो झटका बसतो ना, तो कमी होतो.

म्हणून आठ हजारांतला पहिला खर्च, आहे तशीच दुसरी स्टिक, शक्यतो त्याच कंपनीची तेच मॉडेल नंबरची. रॅमचे भाव कधी कुठे जातील सांगता येत नाही, नवी फारच महाग वाटली तर ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घे, रॅम सहसा खराब होत नाही, फक्त मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) एक रात्र चालवून बघ. लावताना चार स्लॉटांपैकी प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. शेजारी शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि पैसे पाण्यात. जुनी स्टिक काढशील तेव्हा सोनेरी पट्ट्या बघ, समुद्राकडच्या घरांत त्यावर धुरकट थर चढतो, मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसायचा, सॅंडपेपर नाही, हो, सॅंडपेपर लावून आणणारे पण भेटलेत.

एक्सएमपी चालू केलंस आणि महिन्याभराने परत २६६६ दिसलं तर घाबरू नकोस, बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल गेलेला असतो. आपल्याकडे लाईट जाते, लोक बटण भिंतीवरून बंद करतात, सेल उतरला की बायोस सगळं विसरतो. घड्याळ मागे गेलेलं दिसलं की समजायचं. किरकोळ पैशांत सेल मिळतो, आणि अशा उतरलेल्या सेलवर तुझी ओव्हरक्लॉकची सेटिंग पण अशीच उडणार होती.

लाईटीचं बोलतोच आहे तर, ओव्हरक्लॉकिंगच्या व्हिडिओत हा भाग कधीच नसतो. पावसाळ्यात फांदी पडली, तारा एकमेकीला लागल्या, व्होल्टेज वरखाली होणारच. तुझा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो खरं म्हणजे ३६० वॉटच्या आसपासचाच असतो. १६६० सुपर १२५ वॉट, प्रोसेसर, मॉनिटर, बाकीचं धरून तू आत्ता त्यात बसतोस. प्रोसेसर ताणलास, पुढे मोठं कार्ड घातलंस की लाईट गेल्यावर यूपीएस सांभाळायच्या ऐवजी टीं करून बंदच पडेल. आणि काठावरचं ओव्हरक्लॉक असं असतं की व्होल्टेज जरा डगमगलं की आधी तेच पडतं, स्वस्तातला एसएमपीएस असेल तर अजूनच. पैसे टाकायचेच तर चांगला एसएमपीएस आणि घरात नीट अर्थिंग यावर टाक. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो जांभ्याच्या कातळावर, त्यात पाणी घालायचं लोक विसरतात.

मग प्रोसेसर खरंच अडवतोय असं मोजून निघालं तर काय. तर ओव्हरक्लॉक नाही, प्रोसेसर बदल, आणि इथे तुझं नशीब चांगलंय कारण बी४५० बोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या खाचेचा प्रकार) आहे. बायोस अपडेट करून त्यावर रायझन ५ ५६०० बसतो, सहाच कोअर, ६५ वॉटच, पण सहाही कोअर एकाच तुकड्यात आणि ३२ एमबी कॅशे सगळ्यांना सामायिक. ज्या फॅब्रिकच्या फेऱ्या वर सांगितल्या त्या कोअर-कोअरमधल्या फेऱ्याच संपतात. ५६०० ज्या झेन ३ बनावटीचा आहे तिच्यात त्याच क्लॉकवर आधीच्यापेक्षा सरासरी १९ टक्के जास्त काम होतं असं एएमडीने सांगितलं होतं आणि गेममध्ये ते जाणवतं. तुझ्या ३६०० ला तू कितीही पिळलंस तरी तो स्टॉक ५६०० ला पकडणार नाही. बजेट वाढलं आणि मिळाला तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी, ९६ एमबी कॅशे. मजा बघ, ५८००एक्स३डी २०२२ ला आला तेव्हा गेमिंगमध्ये भल्याभल्यांना भारी पडला आणि त्याचा मल्टिप्लायर कंपनीने लॉक करूनच विकला, ओव्हरक्लॉक करताच येत नाही. गेमला क्लॉकपेक्षा कॅशे जास्त लागतो याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. ३६०० विकून काही पैसे येतील, आठ हजार जोडून ५६०० च्या जवळ पोचशील.

फक्त बायोस अपडेट जून-जुलैत उघड्या लाईटीवर करू नकोस. यूपीएस फुल चार्ज, आभाळ मोकळं, सकाळची वेळ. मधे लाईट गेली तर बोर्ड मेला, मग प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून बायोसची चिप लिहावी लागते. आणि बोर्डाच्या साइटवर आधी बघ, काही बी४५० बोर्डांना मधली एक आवृत्ती टाकून मगच पुढची टाकावी लागते.

ओव्हरक्लॉक करावंच असं कधी म्हणतो मी? एखाद्याकडे इंटेलचा जुना २६००के नाहीतर २५००के आणि पी६७ किंवा झेड६८ बोर्ड पडून असेल, त्याने खुशाल करावं, तिथे अजून खरोखरची मार्जिन आहे आणि गेला तरी हळहळ नाही. एखाद्याने इंटेलचा के सिरीज प्रोसेसर आणि झेड बोर्ड, म्हणजे ओव्हरक्लॉक चालणारी जोडी, आधीच घेतलीय, कूलर दणकट आहे, व्हॅलोरंट-सीएस २ स्पर्धेसाठी खेळतो आणि मॉनिटर २४० चा आहे, त्याला रॅम ट्यून करून थोडं काही मिळेल. पण फक्त ओव्हरक्लॉकसाठी म्हणून के आणि झेड घेऊ नका, तोच फरक कार्डात टाकला की एक पायरी वरचं कार्ड येतं. इंटेलच्या के नसलेल्या प्रोसेसरवर, म्हणजे १२४००एफ वगैरे, आणि बी६६०-बी७६० बोर्डांवर मल्टिप्लायर वाढतच नाही, त्यांनी हा विषय सोडून द्यावा, रॅम तेवढी बघावी. एएमडीत ए३२०, ए५२० वाल्यांचं पण तेच. लॅपटॉपवाल्यांनी तर मागून दोन बुचं लावून लॅपटॉप उचलून ठेवावा, त्याने जास्त फरक पडतो.

आणि हौस म्हणून करायचंय तर तो वेगळा विषय, हौसेला मोल नाही, लोक लिक्विड हेलियम ओतून २०२२ मध्ये १३९००के ९ गिगाहर्ट्झच्या पार घेऊन गेले, गेमिंगशी त्याचा काय संबंध. तुला शिकायचंच असेल तर असं कर. आधी कार्डापासून सुरुवात, आफ्टरबर्नरमध्ये १६६० सुपरची मेमरी शंभर-शंभरने वाढव, कोअर पंचवीस-पंचवीसने, चमकणारे ठिपके दिसले की दोन पायऱ्या मागे ये. रेड डेडमध्ये जिथे कार्डच अडवतंय तिथे याचे चार-पाच एफपीएस मिळतील, प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकपेक्षा जास्तच, आणि फुकट. चुकलं तर ड्रायव्हर रीसेट होतो, फार तर पीसी रीस्टार्ट.

प्रोसेसरवर पहिलं फक्त पीबीओ (बूस्टची मर्यादा वाढवणारी एएमडीची सेटिंग) चालू करून बघ, त्यात सिंगल कोअर बूस्ट शाबूत राहतो. हाताने ऑल कोअर ४.२ लावलंस तर एकट्या कोअरचा बूस्ट पण तिथेच अडकतो, म्हणजे हलक्या गेममध्ये कमावलं काहीच नाही. तरी लावायचंच तर १.३ व्होल्ट, ४.१ पासून सुरुवात, एका वेळी २५ मेगाहर्ट्झ. सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं, मग ओसीसीटी तासभर (दोन्ही प्रोसेसर ताणून बघणारी सॉफ्टवेअर), तापमान ८५ च्या वर गेलं की थांब. व्हीआरएमवर (बोर्डावरच्या प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) हीटसिंक नसलेला बोर्ड असेल तर तिथे हात लावून बघू नकोस, भाजतो, आणि अशा बोर्डावर हे करूच नकोस. नुसतं क्रॅश झालं नाही म्हणजे स्टेबल असं समजू नकोस, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) एरर येतायत का बघ, त्या येत असतील तर आतून चुका होतायत आणि विंडोज त्या सावरून घेतंय, एक दिवस सेव्ह फाइल नाहीतर तुझं कॉलेजचं प्रोजेक्ट खराब होणार. आणि ही सगळी टेस्ट मे महिन्याच्या दुपारी कर. डिसेंबरात रात्री दरवाजे उघडे टाकून स्टेबल झालेली सेटिंग शिमग्यानंतर पडायला लागते, मग लोक म्हणतात विंडोज खराब झालं आणि फॉरमॅट मारत बसतात.

आता तू एवढं कर, टास्क मॅनेजरमधला रॅमचा स्पीड बघ, एक्सएमपी लाव, आणि व्हॅलोरंट व रेड डेड दोन्हीत जीपीयू युसेज, सरासरी एफपीएस आणि एक टक्का लो, एक्सएमपीच्या आधीचे आणि नंतरचे, लिहून पाठव. बोर्डाचं पूर्ण मॉडेल पण लिही, नुसतं बी४५० नको, व्हीआरएम कसा आहे आणि बायोस कुठला टाकायचा ते त्यावरूनच सांगता येईल.